दोन समष्टींच्या सरासरींची तुलना: परिकल्पना चाचणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन गटांच्या सरासरीत दिसणारा फरक खरा मानायचा की योगायोग म्हणून सोडून द्यायचा, हा प्रश्न औषधांच्या प्रयोगापासून ॲपच्या दोन आराखड्यांपर्यंत सगळीकडे येतो. विद्यार्थी, संशोधक आणि ऑफिसात आकडेवारी हाताळणारी मंडळी याबद्दल जे नेहमी विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सूत्रांचा भर कमी ठेवला आहे, कारण ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. लोक जिथे हमखास अडखळतात तिथली उत्तरं मात्र लांबली आहेत.

दोन सरासऱ्या वेगळ्या आहेत हे समोर दिसतंय. मग चाचणी कशाला?

समोर दिसते ती नमुन्यांची सरासरी. आपल्याला बोलायचं असतं समष्टीबद्दल, म्हणजे ज्या मोठ्या समूहातून तो नमुना उचलला त्याबद्दल. एकाच समष्टीतून दोनदा नमुने काढले तरी त्यांच्या सरासऱ्या तंतोतंत जुळत नाहीत. थोडा फरक पडतोच. म्हणून "फरक आहे का?" हा प्रश्नच चुकीचा ठरतो, फरक नेहमीच असतो. विचारायचं ते असं: नमुना निवडताना आपोआप जेवढा फरक पडू शकतो, त्याच्या मानाने हा फरक मोठा आहे का?

सगळ्या समष्टीची मोजणी हातात असेल, म्हणजे दोन गटांतल्या एकूण एक व्यक्तींचे आकडे असतील आणि त्यापलीकडे काही म्हणायचं नसेल, तर चाचणीची गरज नाही. वजाबाकी करा आणि उत्तर सांगा.

शून्य परिकल्पना आणि पर्यायी परिकल्पना म्हणजे काय?

शून्य परिकल्पना म्हणते की दोन्ही समष्टींची सरासरी सारखीच आहे. पर्यायी परिकल्पना म्हणते की ती वेगळी आहे. दोन्ही विधानं समष्टीबद्दल असतात. "नमुन्यांच्या सरासऱ्या समान आहेत" अशी परिकल्पना लिहिलेली अनेक प्रबंधांत सापडते, ती निरर्थक आहे. नमुन्याची सरासरी मोजून झालेली असते, तिच्याबद्दल गृहीत धरण्यासारखं काही उरत नाही.

एखादं उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

आकडे समजण्यापुरते कल्पित घेऊ. एका प्रकारच्या २५ बॅटऱ्या सरासरी ४१२ मिनिटं चालल्या, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरले आहेत त्याचं माप) ३० मिनिटं. दुसऱ्या प्रकारच्या २० बॅटऱ्या सरासरी ३९४ मिनिटं चालल्या, प्रमाण विचलन ३६. फरक १८ मिनिटांचा.

आता या फरकाची प्रमाण त्रुटी काढायची. प्रत्येक गटाच्या प्रमाण विचलनाचा वर्ग करून त्याला त्या गटाच्या संख्येने भागा: ९०० भागिले २५ म्हणजे ३६, १२९६ भागिले २० म्हणजे ६४.८. बेरीज १००.८, तिचं वर्गमूळ सुमारे १०.०४. म्हणजे दोन्ही प्रकार अगदी सारखे असते तरी केवळ नमुन्याच्या नशिबाने सरासऱ्यांत दहाएक मिनिटांचा फरक पडणं ही नेहमीची गोष्ट ठरली असती.

१८ ला १०.०४ ने भागलं की टी मिळतो: १.७९. वेल्चच्या पद्धतीने (तिच्याबद्दल पुढे येईल) डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे विखुरण्याचा अंदाज किती स्वतंत्र आकड्यांवर टेकला आहे ती संख्या, सुमारे ३७ येतात. त्यासाठी ५ टक्के पातळीची दुहेरी मर्यादा (दोन्ही दिशा धरून केवळ योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी) २.०३ आहे. आपला टी तिच्या आत राहिला, पी-मूल्य (त्याचा अर्थ पुढच्या प्रश्नात) साधारण ०.०८. शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही.

इथे थांबू नका. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यांशी सुसंगत असलेल्या खऱ्या फरकांचा पट्टा, काढा: १८ अधिक-उणे २.०३ गुणिले १०.०४, म्हणजे उणे २ पासून ३८ मिनिटांपर्यंत. खरं तर सगळी माहिती या दोन आकड्यांत आहे. पहिला प्रकार किंचित वाईट असू शकतो आणि अर्ध्या तासाहून जास्त चांगलाही असू शकतो. एवढ्या बॅटऱ्यांवरून याहून नेमकं सांगता येत नाही. टीने मर्यादा ओलांडली नाही की "फरक सार्थक नाही" असं लिहितात; त्या तीन शब्दांत हे सगळं गडप होतं.

पी-मूल्य ०.०८ म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ८ टक्के, बरोबर?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलेला आहे की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली पी-मूल्याबद्दल स्वतंत्र निवेदन काढावं लागलं आणि त्यात हे स्पष्ट लिहावं लागलं.

पी-मूल्य काढताना आपण शून्य परिकल्पना खरी आहे असं धरूनच सुरुवात करतो. मग विचारतो: असं असताना आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा दिसेल? उत्तर: शंभरात साधारण आठदा. जी गोष्ट खरी धरून गणित मांडलं, ती खरी असण्याची शक्यता त्याच गणितातून निघत नाही. ती हवी असेल तर आधीची माहिती वापरून बेजच्या पद्धतीने जावं लागतं, आणि तो रस्ता वेगळा आहे.

०.०५ ही मर्यादा कोणी ठरवली?

निसर्गाने तर नाहीच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही पातळी सोयीची म्हणून वापरली. प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणात ती प्रमाण विचलनाच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर (१.९६) येते आणि लक्षात ठेवायला सोपी पडते. त्या काळी टी, काय-वर्ग वगैरे चाचण्यांची कोष्टकं छापील असायची आणि त्यात ठरावीक पातळ्यांचेच रकाने असत. त्यामुळे ती सवय घट्ट झाली.

आधी पातळी ठरवा आणि मग स्वीकार-नकाराचा निर्णय घ्या, ही चौकट जर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांची, १९३० च्या आसपासची. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक (नसलेला फरक आहे म्हणणं आणि असलेला फरक हुकणं) हे शब्दही त्यांचेच. फिशर यांना ही चौकट मुळीच मान्य नव्हती आणि दोन्ही बाजूंचा वाद वर्षानुवर्षं चालला. आज पुस्तकांत शिकवतात ती या दोन्हींची खिचडी आहे, म्हणूनच ती पहिल्यांदा वाचताना काहीतरी जुळत नाहीसं वाटतं. दोष वाचणाऱ्याचा नसतो.

०.०४९ आणि ०.०५१ यांत पुराव्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. पातळी वापरायचीच असेल तर विदा (गोळा केलेले आकडे) बघण्यापूर्वी ठरवा आणि पी-मूल्य जसं आलं तसं लिहा.

झेड-चाचणी वापरू की टी-चाचणी?

टी. समष्टीचं प्रमाण विचलन खरोखर माहीत असेल तरच झेड, आणि ते माहीत असण्याचे प्रसंग परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेबाहेर क्वचितच येतात. "नमुना ३० पेक्षा मोठा असला की झेड" हा नियम कोष्टकांच्या काळातला आहे. संगणकाला टी काढायला जास्त कष्ट पडत नाहीत आणि नमुना मोठा असेल तर दोन्हींची उत्तरं एकत्रच येतात: ५ टक्क्यांची दुहेरी मर्यादा ५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला २.५७१, १० ला २.२२८, ३० ला २.०४२, आणि पुढे सरकत १.९६.

ही टी आली कुठून, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विल्यम सीली गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते. बार्लीच्या वाणांची तुलना करायची तर हातात मोजकीच निरीक्षणं असायची आणि मोठ्या नमुन्यांसाठी बनवलेली सूत्रं तिथे फसवत. गॉसेट यांनी ३००० माणसांच्या उंचीची आणि बोटाच्या लांबीची मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे पिसले, चार-चारचे ७५० नमुने केले आणि आपलं गणित प्रत्यक्षाशी जुळतं का ते ताडून पाहिलं. संगणक नसतानाचं हे सिम्युलेशन! १९०८ साली लेख छापला तो "स्टुडंट" या टोपणनावाने, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहिणं कंपनीला चालत नव्हतं. म्हणून ती आजही स्टुडंटची टी-चाचणी.

समान विचरण धरायचं की वेल्चची चाचणी करायची?

जुनी पद्धत दोन्ही गटांचं विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सारखंच आहे असं मानून दोन्हींचा एकत्रित अंदाज काढते. वेल्चची पद्धत (१९४७) तसं काही मानत नाही. वरच्या बॅटरीच्या उदाहरणात आपण तीच वापरली. आमचं मत सरळ आहे: दोन स्वतंत्र गट असतील तर डोळे झाकून वेल्च.

कारण आकड्यांतच बघा. एका गटात ४० निरीक्षणं, प्रमाण विचलन ५. दुसऱ्यात फक्त १०, प्रमाण विचलन १५. वेल्चप्रमाणे फरकाची प्रमाण त्रुटी ४.८१ येते. एकत्रित पद्धतीने २.८०. लहान गट जास्त विखुरलेला असताना एकत्रित पद्धत मोठ्या गटाच्या शिस्तीचं श्रेय दोघांनाही देऊन टाकते, त्रुटी जवळपास निम्मी दाखवते आणि नसलेले फरक "सार्थक" म्हणून बाहेर काढते. उलट परिस्थितीत, म्हणजे मोठा गट जास्त विखुरलेला असेल तर, ती असलेले फरक दडवते.

गट सारख्या आकाराचे असतील तर दोन्ही पद्धतींत फारसं अंतर पडत नाही. विचरणं खरोखर समान असली तरी वेल्चमुळे होणारं नुकसान नगण्य असतं. बॅटरीच्या उदाहरणात एकत्रित पद्धतीने टी १.८३ आणि पी-मूल्य ०.०७ येतं; निष्कर्ष तोच.

आधी लेव्हीनची चाचणी (दोन्ही विचरणं समान आहेत का हे बघणारी) करून मग ठरवावं का?

नको. लहान नमुन्यांत ती असमानता पकडू शकत नाही, मोठ्या नमुन्यांत किरकोळ असमानतेवरही ओरडते, आणि एका चाचणीच्या निकालावर दुसरी निवडल्याने चूक होण्याचा दर आपण ठरवला तेवढा राहत नाही.

जोडीची चाचणी कधी करायची? तिने एवढा काय फरक पडतो?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

गॉसेट यांच्या १९०८ च्या लेखात एक लहानशी विदा आहे, जी आजही आर या संगणकभाषेत तयार मिळते. कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ साली छापलेल्या प्रयोगातली ती. दहा रुग्णांना झोपेसाठी दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिली आणि प्रत्येक औषधाने किती तास जास्त झोप मिळाली ते मोजलं. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३ तास. फरक १.५८ तासांचा.

ही दहा-दहा माणसांची दोन स्वतंत्र टोळकी आहेत असं समजून वेल्चची चाचणी केली तर टी १.८६ येतो, पी-मूल्य ०.०७९, आणि इंटरव्हल उणे ०.२ पासून ३.४ तासांपर्यंत. म्हणजे ठाम काही सांगता येत नाही. पण माणसं तीच आहेत! एकच रुग्ण दोन्ही रकान्यांत आहे. म्हणून प्रत्येकाचा स्वतःशी फरक काढू: १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप मिळाली, एकाला सारखीच, कमी कोणालाच नाही. या दहा फरकांचं प्रमाण विचलन १.२३, प्रमाण त्रुटी ०.३९, टी ४.०६, पी-मूल्य ०.००३ च्या आत. इंटरव्हल ०.७ ते २.५ तास.

विदा तीच, सरासऱ्या त्याच, फरकही तोच १.५८. बदललं काय? काही माणसं मुळातच औषधाला जोरदार प्रतिसाद देतात, काही देत नाहीत. पहिल्या गणितात माणसामाणसांतली ही तफावत सगळी "गोंधळ" म्हणून मोजली गेली. दुसऱ्या गणितात प्रत्येक माणूस स्वतःच स्वतःचा तुलनेचा गट झाला आणि ती तफावत वजाबाकीत उडून गेली. सूत्राची निवड ही बारीकसारीक तांत्रिक बाब नाही. विदा कशी गोळा केली त्यावरून ती ठरते. नंतर "कोणती चाचणी चांगला पी-मूल्य देते" म्हणून बदलता येत नाही.

त्या यादीतला ४.६ हा आकडा खटकला असेल तर बरोबरच खटकला. तो इतरांपासून फार दूर आहे. तो वगळला तर सरासरी फरक १.२४ वर येतो, पण उरलेल्यांत विखुरणंही इतकं घटतं की टी उलट वाढतो. एक टोकाचा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढतोच, शिवाय प्रमाण विचलनही फुगवतो, हे इथे छान दिसतं.

माझी विदा जोडीची आहे की नाही हे कसं ओळखू?

एका रकान्यातल्या ओळींचा क्रम बदलून बघा. दुसऱ्या रकान्याशी असलेलं नातं तुटून माहिती बिघडली तर जोडी आहे: आधी आणि नंतर, डावा डोळा आणि उजवा डोळा, एकाच नमुन्याची दोन उपकरणांनी केलेली मोजणी, जुळी भावंडं. क्रम बदलून काहीच बिघडलं नाही तर गट स्वतंत्र आहेत. दोन्ही गटांत संख्या सारखी आहे एवढ्यावरून जोडी ठरत नाही.

नमुना खूप मोठा असेल तर निवडीची पद्धत एवढी महत्त्वाची राहत नाही ना?

राहते. उलट मोठा नमुना चुकीचं उत्तर जास्त आत्मविश्वासाने देतो.

१९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात शाळकरी मुलांना दूध दिल्याने वाढ चांगली होते का, हे बघायला सुमारे २०,००० मुलांवर प्रयोग झाला. दहा हजारांना रोज दूध, दहा हजारांना नाही. गट चिठ्ठी टाकून किंवा आडनावाच्या अक्षरानुसार केले, पण एखाद्या गटात धडधाकट किंवा अशक्त मुलं जास्त वाटली तर अदलाबदल करायची मुभा दिली. झालं असं की सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुलं वजनाने आणि उंचीने सरस निघाली. कळवळ्यापोटी गरजू मुलांना दुधाच्या गटात घातलं गेलं असावं, असा तर्क गॉसेट यांनी १९३१ च्या परीक्षणात मांडला. त्यात वजनं कपड्यांसकट, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात घेतलेली. जाड कपडे उतरल्यावर वजनात पडणारी घट चांगल्या घरच्या आणि गरीब मुलांत सारखी कशी असेल? हुबेहूब जुळ्या मुलांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर या वीस हजारांपेक्षा भरवशाचं उत्तर मिळालं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोणतीही टी-चाचणी ही गडबड पकडत नाही. तिला फक्त आकडे दिसतात.

विदा प्रसामान्य नसेल तर टी-चाचणी चालते का?

बहुतेकदा चालते. अट मूळ आकड्यांपेक्षा सरासरीच्या वितरणावर जास्त आहे, आणि केंद्रीय सीमा प्रमेयामुळे नमुना वाढेल तसं ते प्रसामान्याकडे झुकत जातं. किती निरीक्षणं पुरेशी, हे विदा किती कललेली (एका बाजूला ओढलेली) आहे त्यावर आहे. थोड्या कललेल्या विदेला वीस-तीसही पुरतात, लांब शेपटी असलेल्या विदेला (खर्च, उत्पन्न, प्रतीक्षेचा वेळ) शंभरही कमी पडू शकतात. प्रसामान्यतेची चाचणी करत बसण्यापेक्षा आलेख काढा आणि बघा.

लगेच मान-व्हिटनीकडे धावायची सवयही तपासून घ्या. विल्कॉक्सन (१९४५) आणि मान-व्हिटनी (१९४७) यांची ही चाचणी क्रमांकांवर चालते. उपयोगी आहे, पण ती सरासरींची तुलना करत नाही. एका गटातला कोणीही एक उचलला तर तो दुसऱ्या गटातल्या कोणा एकापेक्षा मोठा निघण्याकडे कल आहे का, हे ती सांगते. एकूण खर्च किती येईल हा प्रश्न असेल तर सरासरीच हवी, कारण सरासरी गुणिले संख्या म्हणजे एकूण. तिथे बूटस्ट्रॅपने (हातातल्याच विदेतून पुन्हा पुन्हा नमुने काढून) इंटरव्हल काढणं जास्त योग्य.

एकतर्फी चाचणी (एकाच दिशेचा फरक बघणारी) केली तर पी-मूल्य निम्मं होतं. मग तीच का करू नये?

बॅटरीचं उदाहरण आठवा: दुहेरी ०.०८, एकतर्फी ०.०४. आकडे पाहून झाल्यावर "आम्हाला पहिली चांगली आहे का एवढंच बघायचं होतं" म्हणणं म्हणजे बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणं. फरक उलट दिशेने कितीही मोठा आला तरी तो "फरक नाही" मानायची तयारी असेल, आणि हे आधी लिहून ठेवलं असेल, तर एकतर्फी करा. अशी तयारी फार थोड्यांची असते.

फरक सार्थक आला नाही. म्हणजे दोन्ही सरासऱ्या समान आहेत ना?

नाही, पुरावा कमी पडला एवढंच. पाच-पाच निरीक्षणं घेतली तर जवळजवळ कुठल्याही दोन गोष्टी "समान" ठरवता येतील. समानताच दाखवायची असेल तर वेगळी चौकट आहे. किती फरक व्यवहारात दुर्लक्ष करण्याजोगा, ते आधी ठरवायचं, समजा अधिक-उणे १० मिनिटं, आणि मग ९० टक्क्यांचा इंटरव्हल पूर्णपणे त्या पट्ट्यात बसतो का ते बघायचं. दोन एकतर्फी चाचण्यांची ही पद्धत जेनेरिक औषध मूळ औषधाच्या तोडीचं आहे का हे तपासताना नेहमी वापरतात.

आणि फरक सार्थक आला, तर तो महत्त्वाचा समजायचा?

तेही नाही. प्रत्येकी ५०,००० निरीक्षणं, प्रमाण विचलन १५, फरक फक्त ०.३. टी ३.१६ येतो, पी-मूल्य ०.००२ च्या आत. पण प्रमाण विचलनाच्या भाषेत हा फरक ०.०२, म्हणजे नसल्यातच जमा. या गुणोत्तराला कोहेनचा डी म्हणतात, ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा अशी ढोबळ वाटणी जेकब कोहेन यांनी सुचवली होती, आणि दुसरं काही हाताशी नसेल तेव्हाच ती वापरा असंही बजावलं होतं. मूळ एककात, मिनिटांत किंवा किलोत, फरक सांगता येत असेल तर डीची गरजच पडत नाही.

दोन गटांचे इंटरव्हल एकमेकांवर चढलेले दिसतात. म्हणजे फरक सार्थक नाही?

तसं नक्की म्हणता येत नाही. समजा सरासऱ्या १० आणि १३, दोन्हींची प्रमाण त्रुटी १. इंटरव्हल ८.०४ ते ११.९६ आणि ११.०४ ते १४.९६, चढलेले आहेत. पण फरकाची प्रमाण त्रुटी १ अधिक १ म्हणजे २ नसून १.४१ आहे, कारण वर्गांची बेरीज होते. ३ भागिले १.४१ म्हणजे २.१२, पी-मूल्य ०.०३४. म्हणून फरकाचाच इंटरव्हल काढावा.

किती मोठा नमुना घ्यावा?

प्रयोगाआधी हा प्रश्न विचारलात हेच मोठं काम झालं. ५ टक्के पातळी आणि ८० टक्के पॉवरसाठी (पॉवर म्हणजे फरक खरोखर असेल तर तो पकडण्याची शक्यता) एक झटपट हिशोब आहे: प्रत्येक गटात १६ गुणिले प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. बॅटरीत प्रमाण विचलन ३३ च्या आसपास आणि १८ मिनिटांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येकी ५४ लागतील. आपण घेतल्या होत्या २५ आणि २०. नऊ मिनिटांचा फरक पकडायचा तर चौपट, २१५ च्या घरात. पकडायचा फरक व्यवहाराला कितीचा फरक जाणवतो त्यावरून ठरवा. पायलट अभ्यासात जो दिसला तोच उचलू नका, छोट्या अभ्यासात तो भलताच चुकलेला असू शकतो.

रोज निकाल बघून सार्थक दिसला की थांबलं तर चालेल का?

नाही. दर वेळी डोकावणं ही एक नवी संधी असते आणि ५ टक्क्यांची चूक त्यातून कितीतरी फुगते. वीस वेगवेगळ्या गोष्टींची तुलना करून एक सार्थक निवडण्याचंही तेच: वीस स्वतंत्र चाचण्यांत कुठेच फरक नसला तरी किमान एक सार्थक निघण्याची शक्यता ६४ टक्के. बॉनफेरोनी सुधारणा (पातळीला चाचण्यांच्या संख्येने भागणं) हा सोपा उपाय, जरा कडक. मधे डोकावायचंच असेल तर त्यासाठी खास आखलेल्या क्रमिक पद्धती आहेत, त्या आधी ठरवून वापरा.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे चूक होते?

आपोआप निवडलेल्या पर्यायात. आरमध्ये टी-चाचणी न सांगता वेल्चची होते. पायथनच्या सायपायमध्ये न सांगता समान विचरण धरलं जातं, ते बदलून घ्यावं लागतं. एक्सेलच्या टी.टेस्ट फंक्शनमध्ये शेवटचा आकडा १ म्हणजे जोडी, २ म्हणजे समान विचरण, ३ म्हणजे असमान. आणि ते फक्त पी-मूल्य देतं, इंटरव्हल तुम्हालाच काढावा लागतो. एसपीएसएस दोन्ही ओळी छापतं, खालची ओळ वेल्चची.

अहवालात काय लिहू?

दोन्ही गटांची संख्या, सरासरी, प्रमाण विचलन. फरक आणि त्याचा इंटरव्हल. चाचणीचं नाव, टी, डिग्रीज ऑफ फ्रीडम, पी-मूल्य. या क्रमाने. बॅटरीसाठी असं: "पहिला प्रकार सरासरी १८ मिनिटं जास्त चालला (९५ टक्के इंटरव्हल: उणे २ ते ३८, वेल्च टी १.७९, डिग्रीज ऑफ फ्रीडम ३७, पी ०.०८)." फक्त "पी ०.०५ पेक्षा जास्त" लिहिलेला अहवाल परत पाठवावा.

तीन गट असतील तर तीन टी-चाचण्या करू?

थेट नको, चूक होण्याचा दर दुपटीहून वर जातो. एनोव्हा (सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकदम तपासणारी चाचणी) करा, आणि कोणती जोडी वेगळी हे टुकीच्या पद्धतीने बघा. विचरणं असमान असतील तर वेल्चची एनोव्हाही आहे. दोनच गटांवर साधी एनोव्हा चालवली तर तिचा एफ (टीसारखाच चाचणीचा आकडा) हा समान विचरणाच्या टीचा वर्ग येतो, बॅटरीसाठी १.८३ चा वर्ग म्हणजे ३.३५, आणि पी-मूल्य तेच राहतं.